खिशातली किटकॅट

अंगणातला लाइट बंद करा पोरांनो, आणि मधे बोलू नका. हे आपल्या मनोजच्या बाबतीत घडलेलं आहे.

चौदा मे, मंगळवार, रात्रीचे सव्वानऊ. मनोज अमरावतीच्या एका कॉलेजात तंत्रज्ञ. भातकुलीजवळच्या गावात, सुंदराबाईच्या घरून एक पेटी काढून आणायला गेला होता. साऱ्या देशाची वीज एकाच ठेक्यात चालते, सेकंदाला पन्नास ठोके. घरच्या सॉकेटात कॉलेजनं लावलेल्या अशा पेट्या गावोगावी तो ठेका मोजतात, वेळेसकट लिहून ठेवतात. वीज गेली की पेटी विझते, नोंदीत तेवढा वेळ शून्य.

सुंदराबाईचा पोरगा जीवन लाइनमन होता. ट्रान्सफॉर्मरखालच्या डीपीतली फ्यूजची चिनीमातीची किटकॅट काढून खिशात घालायचा, मगच खांबावर चढायचा. मागून कुणी लाइन चालू करू नये म्हणून. एप्रिलात तो असाच वर असताना वीज कंपनीच्या एका साहेबाच्या घरचा एसी बंद पडला. साहेबानं माणूस पाठवला, आणि त्या नालायकानं किटकॅटच्या जागी नुसती तार ठोकली. जीवन तारेलाच चिकटून गेला. चौकशीत काय लिहिलं? खिशात किटकॅट नव्हती, लाइन बंद केलीच नव्हती, चूक त्याचीच. मेलेल्यावर आळ घेताना यांची जीभ झडत नाही.

त्याच डीपीवरच्या सुंदराबाईच्या पेटीत मात्र त्या दिवसाची नोंद होती. अकरा चाळीसला शून्य, अकरा बावन्नला पुन्हा पन्नास. साहेबानं दम दिला, आणि आपल्या या शूर मनोजनं 'पेटी बंद होती' असं लिहून दिलं. आता पेटीही साहेबाच्या हवाली करायची होती.

"मावशी, पेटी नेऊन राहिलो."

"माह्या पोराचं खरं तिच्यातच हाय म्हणतेत. मंग काहून नेतं, बाबू?"

मनोजनं प्लग उपसला. तेवढ्यात गावची वीज गेली.

अंधार...

हातातली पेटी मात्र उजळलेली. तिला बॅटरी नव्हती.

आकडा शून्य. वेळ... अकरा चाळीस.

"मावशी?"

त्यानं पुढं चाचपलं.

जळका वास. कुणीतरी अगदी जवळ... छातीशी...

पन्नास. अकरा बावन्न.

लाइट आले. सुंदराबाई होती तिथंच बसलेली. मनोजचा खिसा जड झाला होता. आत किटकॅट. काळीठिक्कर, गरम.

"हे जीवनची हाय," म्हातारी म्हणाली.

मनोजनं पेटी परत लावली. सकाळी खोटं लिहिलेलं मागं घेतलं आणि किटकॅट चौकशीच्या टेबलावर ठेवली. साहेबानं ती आपल्या कपाटात कोंडली. दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं, कपाट रिकामं.

तेव्हापासून साहेब खिशाचा शर्ट घालत नाही.