सीलमधली दालचिनी

कारखान्याच्या फाटकाशी मारेनने सायकल थांबवली आणि तिला हसूच फुटलं. दिव्याच्या खांबाला बांधलेला, डोक्यापासून बुटांपर्यंत दालचिनीच्या पुडीने माखलेला येप्पे!

"पंचविशी लागली वाटतं?"

"लागली. आणि लग्न नाही. मग दालचिनी फासायची रीतच, मित्र सोडतात होय? हसतेस काय, सोडव आधी!"

डेन्मार्कमधल्या एस्बियर्ग बंदराचा खारा वारा सुटला होता. गाठी सोडता सोडता तिने त्याच्या मानेवरची पूड झटकली... गरजेपेक्षा जरा जास्तच हळू. तो बघत राहिला. मग दोघंही उगाचच घाईत आत गेली.

वाऱ्याच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र इथे उभं राहत होतं. एकावर एक रचलेल्या पत्र्यांमध्ये रबरी सील बसवायचं काम या दोघांकडे. आज शेवटची चाचणी. ती पार पडली, की संध्याकाळच्या गाडीने येप्पे स्वीडनला, पुढच्या कामावर.

सारा हिवाळा तो चिडवायचा, "अगं, बोल्ट आवळतेस की माझा गळा?" तीही सोडायची नाही. बोलायचं ते मात्र राहूनच गेलं.

यंत्रात दाब चढला. मारेन सांध्यांवरून साबणाचं पाणी फिरवू लागली; गळती असली तर बुडबुडा येणार, चाचणी लांबणार. देवा, एक तरी बुडबुडा येऊ दे... आणि तिने जीभ चावली. असलं मागणं मागतात का?

बुडबुडा आला.

दाब उतरवून पत्रे सुटे केले. सीलवर तपकिरी कण चिकटले होते. येप्पेने वास घेतला.

"दालचिनी! पण मी तर आत येताच अंघोळ केली, कपडे बदलले. या सीलला तुझाच हात लागलाय."

"माझ्या बाहीत राहिली असेल..." तिचे कान लाल झाले.

"नखात धूळ दिसली तर मला बाहेर काढणारी तू?"

"आज लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"तुझ्या गाडीच्या वेळेवर. तू जाऊ नयेस असं वाटत होतं — पण मुद्दाम नाही हं केलं, शपथ!"

येप्पेने नवं सील काढून तिच्या हातात ठेवलं. 

ते तिने स्वतः पुसून, निरखून बसवलं. समोरासमोरचे बोल्ट दोघांनी थोडे थोडे आवळत नेले. या वेळी एकही बुडबुडा नाही. काम चोख झालं, म्हणूनच तो जाणार होता.

स्टेशनवर गाडीच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "उन्हाळी सणाच्या शेकोटीला येईन."

"कामावर?"

"तुझ्याकडे. येऊ ना?"

तिने मान हलवली. शिट्टी झाली.

"सोड हात, वेड्या. गाडी चुकेल."

"तू सोड ना."

कुणीच सोडला नाही... शेवटी गाडीच्या मिटत आलेल्या दारानेच हात सोडवले.