आज ताईला काढलं

संग्रहालयात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. हातात भिंग नसलं तरी ती माणसांकडेही डोळे बारीक करूनच बघायची, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

एका थोर चित्रकाराचं चौदाव्या वर्षीचं पेन्सिलचित्र तिच्याकडे आलं आणि तिचं डोकं चालेनासं झालं. कागदावर नुसती एक रिकामी खुर्ची. मागे बालिश अक्षरात लिहिलेलं, ‘आज ताईला काढलं.’ खुर्चीत ताई नव्हती, खोडल्याची खूणही नव्हती. प्रदर्शन उद्यावर आलेलं आणि चित्राखाली लावायची माहिती लिहिणं भिंगबाईच्या गळ्यात पडलेलं.

तिने चित्रकाराच्या धाकट्या भावाला फोन लावला. म्हातारबुवांनी तिला प्रश्न दोनदा विचारायला लावला.

“आम्हाला ताई नव्हती हो. पण आई... जेवताना एक ताट जास्त मांडायची. का, ते तिलाही सांगता यायचं नाही.”

चित्र कळेनासं झालं की त्याची रेघ न् रेघ स्वतः गिरवून बघायची, ही भिंगबाईची जुनी खोड. दुपारी ती चित्राचा फोटो घेऊन घरी आली. घरात तिची ताई होती. आई गेल्यावर या ताईनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं, आणि अजूनही ताईवाचून तिचं पान हलत नसे. ताईला तिने चहाच्या कपासकट खिडकीपाशी खुर्चीत बसवलं.

“काढतेस म्हणजे चित्रात ना?” ताई म्हणाली. “नाहीतर घरातून काढशील.”

“हलू नकोस गं.”

आधी खुर्चीची पाठ, मग हात, मग पाय, अगदी त्या चित्रकाराच्याच क्रमाने. खोलीत पेन्सिलीची खरखर तेवढी उरली.

“ए... मला गार वाटतंय...” ताईचा आवाज जिन्याखालून आल्यासारखा आला. भिंगबाईने मान वर केली नाही. एकच रेघ राहिली होती.

ती रेघ पुरी झाली. समोर रिकामी खुर्ची होती, कागदावरही तीच. नक्कल हुबेहूब उतरली म्हणून भिंगबाई खूश झाली. तिने लगेच माहिती लिहून टाकली: ‘ताई हे बहुधा या खुर्चीचंच लाडाचं नाव असावं.’

मग तिने आपला कागद उलटा केला. मागे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आज ताईला काढलं.’

कुणाची ताई? ती तर एकुलती एक. तिला हसू आलं.

खिडकीत दोन कप होते. एकात अर्धा चहा होता, अजून कोमट. तो तिने ओतून टाकला नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.