शून्यावरचा हात

मार्गिटच्या ऑफिसात प्रत्येकाच्या उजव्या हाताला माउस असतो आणि डाव्या हाताला नॉब. दाराच्या मुठीएवढा, जड बुडाचा, वरून रबराचा. तो ढकलावा, ओढावा, पिळावा, जरा कलता करावा. पडद्यावरची आकृती तशीच पुढे जाते, मागे येते, गरकन वळते. नव्या माणसाला चार दिवस भोवळ येते. मग हात शिकतो आणि डोकं ते विसरूनही जातं.

मार्गिटच्या हाताखालचा नॉब मात्र तिचा नव्हता, तिच्या नवऱ्याचा होता. श्वाबी मुलखातल्या फिल्स नदीकाठच्या त्या ऑफिसात ती आणि हार्टमूट समोरासमोर बसून छोट्या धरणांसाठी टर्बाइनं आखत आले होते. वसंतात हार्टमूट हृदयविकारानं गेला. पानं गळायला लागली तेव्हा त्याचं अर्धवट राहिलेलं काम तिनं मागून घेतलं, आणि कामासोबत त्याचं टेबल. नव्या टेबलावर बसणाऱ्यानं सगळ्यांना ब्रेट्झल, म्हणजे पिळाचे खारे पाव, द्यायचे ही तिथली रीत. तिनं टोपलीभर आणले.

हार्टमूटला एक खोड होती. नॉब अधूनमधून शून्यावर आणावा लागतो. हात काढायचा, मग बटण दाबायचं, म्हणजे आपल्याला कुणी धरलेलं नाही हे त्याला कळतं. हार्टमूट हात ठेवूनच बटण दाबायचा. मग त्याच्या हाताचं वजन हेच नॉबचं शून्य. त्यानं हात उचलला रे उचलला, की आकृती निघाली आपली सरकत. "तुझी ही गाय तुझ्याशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही," असं त्यांचा साहेब आर्मिन चिडवायचा.

पहिल्याच दिवशी मार्गिटनं कॉफी घ्यायला हात उचलला आणि आकृती सरकली. गोगलगायीच्या शंखासारखा टर्बाइनचं ते पोकळ वेटोळं. त्याच्या तोंडातून नजर हळूहळू आत निघाली. दोन्हीकडून करड्या भिंती मागे जात होत्या. बाहेर दरीत धुकं भरलं होतं. खरं तर तिनं वैतागायला हवं होतं. पण हार्टमूट गाडी चालवायचा आणि ती शेजारी पेंगायची, तसं काहीसं सुख अंगभर पसरलं. तिनं नॉबवर हात ठेवला. आकृती थांबली.

"त्याचं जुनं शून्य राहिलंय," आर्मिन म्हणाला. "सरक जरा." त्यानं जादूगारासारखा एक हात हवेत धरला, दुसऱ्यानं बटण दाबलं. आकृती जागच्या जागी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा सरकली.

"हात ठेवून शून्य केलंस?"

"नाही रे."

"मग कुणीतरी केलंय."

"या टेबलाला दुसरं कोण हात लावणार, आर्मिन?"

तो रोज शून्य करून जायचा, आणि रोज नजर थोडी आणखी आत जायची. मार्गिट आता मुद्दाम हात उचलू लागली. डब्यातला पाव तसाच राहायचा. वळणापुढे वेटोळं अरुंद होत जाई. आकृतीत तिथे तिनं उजेड ठेवला नव्हता, तरी भिंतींवर कुठूनसा पिवळसर उजेड पडे, संध्याकाळी स्वयंपाकघरात असतो तसा. नवऱ्याची तिला इतकी आठवण यायची की छातीत दुखायचं. नॉब कोमट लागायचा. विजेवरची वस्तू, तापणारच, अशी तिनं मनाची समजूत घातली. मग शेजारच्या टेबलावरच्या नॉबला हात लावून पाहिला. तो गार होता.

शेवटी आर्मिन एक खोकं घेऊन आला.

"नवा आणलाय. आता पुन्हा सरकलं तर जुना भंगारात."

"आपल्यासारखा चिकट श्वाबी माणूस कधी चालती वस्तू फेकतो का?"

"चालती नाही गं बाई, पळती आहे ही! काम ओतशाळेत जायचंय. आकृती अशी पळत राहिली तर भलत्याच जागी भोक पडेल."

मार्गिटनं नॉबवर हात ठेवला. हा नॉब गेला की हार्टमूटचा हात जिथे रोज असायचा अशी एकही जागा उरणार नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "एकदा मला करू दे."

आर्मिन खोक्याची चिकटपट्टी सोलत बसला.

तिनं उजवं बोट बटणावर नेलं. आता डावा हात काढायचा, एवढंच. हात निघेना. रबर कोमट होतं.

तिनं तसंच बटण दाबलं.

आणि तिला कळलं. तीच चूक. आता तिच्या हाताचं वजन हे शून्य झालं होतं. हात उचलला की आकृती पळणार, आर्मिनच्या डोळ्यांदेखत.

तिनं एकेक बोट करत हात उचलला.

आकृती हलली नाही.

तिनं नॉबकडे पाहिलं. तिच्या हाताखाली तो जेवढा दबायचा आणि कलायचा, तेवढाच दबून, कलून उभा होता.

"अरे वा," खोक्यावरून मान वर करत आर्मिन म्हणाला. "थांबलं की! हात काढलास ना?"

मार्गिटचे दोन्ही हात मांडीवर होते.

"माझा काढला," ती म्हणाली.