जांभळीच्या पोटातलं पाणी

एमेट टॉलिव्हरची आणि माझी पहिली भेट झाली ती त्याच्या पायांशी. बाकीचा एमेट तेव्हा फादर स्टॅनच्या गाडीखाली होता.

लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांतला शुक्रवार. चर्चच्या तळघरात मासे तळले जात होते, आणि बाहेर पार्किंगमध्ये सरोवरावरून आलेला भुरभुर पाऊस. आईसाठी बांधून घेतलेली थाळी छातीशी धरून, मान खाली घालून मी पळत होते. गाडीखालून बाहेर आलेले दोन लांबलचक बूट मला दिसलेच नाहीत. मी पडले नाही... थाळी पडली. माशाचे दोन तुकडे आणि वाटीभर कोबीचं सॅलड, नेमकं डाव्या बुटावर.

"फादर," गाडीखालून आवाज आला, "सायलेन्सर ठीक आहे. पण काहीतरी नक्की गळलंय."

मला हसू आवरेना. तो सरपटत बाहेर आला. हनुवटीला काळं लागलेलं, केसांत पावसाचे थेंब. थाळीचं झाकण उचलून त्याने नाकापाशी नेलं आणि त्यावरचं नाव वाचलं.

"मिसेस कोसेक?"

"मिस. मिसेस म्हणजे माझी आई. ती घरी माशाची वाट बघतेय."

"मग दुसरी थाळी माझ्याकडून." बोलण्यात केंटकीचा संथ हेल होता. इथे टोलेडोत सगळे घाईत बोलतात, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य जरा जास्तच वेळ माझ्याजवळ थांबलं.

"तुम्हाला चष्मा लागलाय," मी म्हटलं.

"एका नजरेत कळलं?"

"कामच आहे माझं. चष्म्याच्या दुकानात असते मी. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं."

"दिवसभर?" तो म्हणाला. "मग आज तरी... सुट्टी घेऊ नका."

मी लाजले. सव्वीस वर्षांची घोडी, चर्चच्या दारात, रिकाम्या हातांनी चक्क लाजले!

"आणि गंज बघायला मला डोळे लागत नाहीत," तो घाईने म्हणाला, बहुतेक स्वतःच घाबरून. "बोटं पुरतात. जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम करतो मी."

त्या कोबीच्या सॅलडचे मी आजही आभार मानते. कारण अगदी तशाच माणसाला मी महिनाभर शोधत होते.

आमच्या गॅरेजमध्ये बाबांची जांभळी उभी होती. सत्तर सालची चॅलेंजर गाडी, जांभळ्या रंगाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची. मसल कार म्हणजे काय हे कळायचं तर तिच्या बॉनेटवर हात ठेवून इंजिन सुरू करायला हवं, असं बाबा म्हणायचे. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी ती मोडक्या अवस्थेत आणली, आणि पुढची पंधरा वर्षं दर रविवारी ते तिच्यावर काम करत राहिले. मी दिवा धरायचे. "पुढच्या उन्हाळ्यात चालवू, रेनी," ते म्हणायचे. तो उन्हाळा आलाच नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले.

आता आईने घर विकलं होतं. ईस्टरनंतरच्या बुधवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. मिशिगनचा एक माणूस मंगळवारी येऊन नुसतं इंजिन काढून नेणार होता. बाकीची गाडी भंगारात, दाबून चपटी. मला तिला वाचवायचं होतं. म्हणजे खरं सांगायचं तर, बाबांचे ते सगळे रविवार फुकट गेले नाहीत, एवढं कुणीतरी जाणकाराने माझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

"उद्या येऊन बघतो," एमेट म्हणाला. "तासाभराचं काम आहे."

तासाभराच्या त्या कामाला त्याने तीन शनिवार लावले.

पहिल्या शनिवारी त्याने खिशातून एक चुंबक काढलं आणि रंगाला ओरखडा नको म्हणून ते रुमालात गुंडाळलं. मग ते पत्र्यावरून हळूहळू फिरवत नेलं. जिथे लोखंड होतं तिथे ते चिकटायचं. जिथे आत नुसती पुट्टी भरलेली होती, तिथून ते सुटून खाली यायचं. मागच्या चाकाच्या वर ते सुटलं, दोघं एकदमच झेलायला गेलो, आणि चुंबक माझ्या तळहातावर, त्याचा हात माझ्या हाताखाली...

"हे चिकटलं," तो पुटपुटला.

"माझ्या हातात पुट्टी नाही."

"तेच तपासतोय."

आईने नेमकं तेव्हाच दार उघडलं. खसखशीच्या रोलचा मोठा तुकडा त्याच्या हातात ठेवून ती म्हणाली, "काळे हात धुऊन खा. आणि इंजिन त्या बाजूला आहे, माझी पोरगी या बाजूला."

दुसऱ्या शनिवारी आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. इंजिनावरचा कोरलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो का, हे त्याला बघायचं होतं. आकडे दिसेनात, म्हणून मी दिवा धरला आणि वाचून दाखवले. जुळले. अस्सल जोडी. मी टाळी वाजवली, तेव्हा तो इंजिनाकडे बघत नव्हता. त्याच्या डोळ्यांचं माप मी त्याच दिवशी घेतलं. वहीत नाव न लिहिता.

तिसऱ्या शनिवारी, पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या आदल्या दिवशी, तो गाडीखालून बाहेर आला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"इंजिन सोनं आहे, रेनी. गिअरबॉक्सही. पण गाडी... गाडी गेलीय. चासी गंजाने आतून खाल्लीय. दारांखालचे पत्रे नुसते रंगावर उभे आहेत. असं काम मी हातात घेतलं, तर फक्त तुला रोज भेटता यावं म्हणून घेईन. ती लबाडी होईल."

"रस्त्यावरच्या मिठाने?" मी कसंबसं विचारलं.

"मिठाने नाही. पाण्याने. दाराखाली, पत्र्यांत, पाणी निघून जायला कारखान्यातच भोकं ठेवलेली असतात. कुणीतरी ती डांबराने बुजवलीत. सगळी. वर तुमचं छप्पर त्या कोपऱ्यात गळतं. पाणी आत गेलं, आणि आतच राहिलं."

कुणीतरी! माझे बाबा काउंटीच्या रस्ते खात्यात अठ्ठावीस हिवाळे मिठाचा ट्रक चालवत होते. दिवसभर बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकायचं आणि घरी येऊन स्वतःच्या गाडीला त्याच मिठापासून जपायचं. दर ऑक्टोबरात ते तिच्याखाली झोपून बोटाबोटाने डांबर लावायचे. दिवा मीच धरलेला असायचा.

"माझ्या बाबांना मिठाबद्दल तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं," मी म्हटलं.

"मिठाबद्दल... हो." तो हळूच म्हणाला. "माझ्या शब्दावर जाऊ नकोस. ड्रायव्हरच्या दाराखाली, पुढच्या टोकापासून वीतभर मागे, स्क्रूड्रायव्हर टोच. मी टोचलं नाही. गाडी तुझी आहे."

मी टोचलं नाही. रागाने आठवडा काढला. पण चष्मा तयार झाला होता, आणि तो काही माझ्या मापाचा नव्हता. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, सणाच्या जेवणाच्या टोपलीवर फादरचा आशीर्वाद घेऊन झाल्यावर, मी एमेटच्या वर्कशॉपवर गेले. माफी मागायची, चष्मा द्यायचा आणि जमलं तर... असं बरंच काही ठरवलेलं होतं.

तो आत नव्हता. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक आकार होता. तो आकार मी झोपेतही ओळखला असता. ताडपत्री उचलली. चॅलेंजर. सत्तरची. पत्रा कोरडा, ठणठणीत. आणि बॉनेटखाली काहीच नाही. रिकामी जागा, बरोबर आमच्या इंजिनाएवढी.

"रेनी..." मागे एमेट उभा होता, हातात कॉफी.

"इंजिन सोनं आहे, गाडी गेलीय," मी त्याच्याच हेलात म्हटलं. "छान जमवलंस हं! तीन शनिवार आणि आईचे खसखशीचे रोल."

"ही माझ्या मामाची. केंटकीतल्या तंबाखूच्या कोठारात वीस वर्षं उभी होती. मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू त्या चुंबकावर विश्वास ठेवला नसतास." त्याचे कान लाल झाले होते. "आणि नंतर... नंतर तू माझ्यावर विश्वास ठेवायला लागलीस, तो मोडायची हिंमत होईना. तुझं इंजिन मला नको, रेनी. मिशिगनवाल्याला दे. मी हातही लावणार नाही."

चष्म्याची डबी त्या कोरड्या बॉनेटवर ठेवून मी निघून आले. घरी पोचेपर्यंत गाडीचे वायपर चालू होते, आणि पाऊस कधीचाच थांबला होता.

ईस्टर सोमवारी आमच्या पोलिश वस्तीत मुलं आवडत्या मुलीच्या अंगावर पाणी ओततात. बाबा दरवर्षी पहाटे पेला घेऊन यायचे. आधी आई, मग मी. आम्ही किंचाळायचो, उशा फेकायचो. ते गेल्यापासून दोन वर्षं आमच्या घरातला ईस्टर सोमवार कोरडाच होता. त्या दिवशीही जाग आली तेव्हा उशी कोरडी होती. मी उठले आणि गॅरेजमध्ये गेले.

जांभळीशी निरोपाचं काही बोलावं असं मनात होतं. पण नजर सारखी ड्रायव्हरच्या दाराखाली जात होती. शेवटी स्क्रूड्रायव्हर घेतला, पाठीवर आडवी झाले, जशी बाबांच्या शेजारी व्हायचे तशी. टोकापासून वीतभर मागे. डांबर कडक होतं. त्यावर बाबांच्या अंगठ्याचा ठसा होता. अगदी स्पष्ट... मी त्या ठशावर माझा अंगठा ठेवून पाहिला. मग डोळे मिटून टोचलं.

पाणी आलं! नुसते थेंब नाहीत, धार. तपकिरी, गार, गंजाच्या वासाची धार माझ्या बाहीवर, मानेवर, केसांत. मी किंचाळले. थेट लहानपणीसारखी किंचाळले, आणि मग तिथेच पडल्या पडल्या हसत सुटले, आणि हसता हसता रडू फुटलं. आई धावत आली.

"अगं काय झालं?"

"काही नाही, आई. बाबांनी पाणी ओतलं."

आई गॅरेजच्या थंड फरशीवर माझ्याजवळ बसली. मी तिला सगळं सांगितलं: भोकं, डांबर, अंगठा. तिने जांभळीच्या दाराला पाठ टेकली.

"तुझ्या बाबांचं असंच," ती म्हणाली. "माझ्या लग्नातले बूट त्यांनी इतके जपून ठेवले की मला परत घालताच आले नाहीत." मग माझ्या ओल्या केसांकडे बघून म्हणाली, "तो पोरगा खरं बोलला होता म्हणायचा."

"हो."

"मग इथे काय भिजत बसलीस?"

बाबांचे रविवार फुकट गेले नव्हते. गाडी राहिली नव्हती, हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला त्या फरशीवर कळलं, आणि छातीवरचं ओझं उतरलं. मी मिशिगनला फोन करून, इंजिन देणार नाही म्हणून त्या माणसाची माफी मागितली. मग बाबांचा पेला नळाखाली भरला.

एमेट वर्कशॉपच्या पायरीवर बसला होता. नाकावर मी दिलेला चष्मा. इतका शोभत होता की माझा हात क्षणभर थांबला... क्षणभरच. अख्खा पेला मी त्याच्या डोक्यावर रिकामा केला.

तो हलला नाही. काचांवरून पाणी ओघळत होतं.

"हे... त्या शनिवारबद्दल?"

"नाही."

"मग?"

"आज ईस्टर सोमवार आहे. आमच्याकडे आज कुणावर पाणी का ओततात, ते फादर स्टॅनला जाऊन विचार."

"ते मला माहितीये," तो हळूच म्हणाला. "या वस्तीत तीन वर्षं राहतोय." त्याच्या पायरीमागे एक बादली होती, काठोकाठ भरलेली. "सकाळपासून ठरवतोय, तुझ्या दारात यावं की नाही. पण तू तर... आधीच भिजून आलीस."

"ते बाबांनी."

तो उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पहिल्यांदाच कुणाला नीट दिसत होते.

"अक्षरं कशी दिसतायत?" मी विचारलं. 

"अक्षरं माहीत नाहीत. तू... खूप स्पष्ट दिसतेस."

"मग ऐक. इंजिन तुझ्या गाडीत जाईल. पण दोन अटी आहेत. रंग जांभळा. आणि भोकं उघडी."

"तिसरी?"

"तिसरी अट मी घातलीच नाही."

"मी घालतो," एमेट म्हणाला, आणि त्याच्या ओल्या हातांनी माझा ओला चेहरा धरला.

जांभळीचा सांगाडा त्याच आठवड्यात गेला. आईने बॉनेटवर हात फिरवला, मी रडले, एमेट लांब उभा राहिला. स्टिअरिंग, सीटा आणि बाबांच्या ठशाचा तो डांबराचा तुकडा मी ठेवून घेतला.

जुलैत, इंजिनाने नव्या पोटात पहिल्यांदा हुंकार दिला त्या रविवारी, आम्ही सरोवराकाठच्या रस्त्याला लागलो. मी चालवत होते. आई मागच्या सीटवर, रुमाल बांधून. पाच मैल गेलो नाही तोच आभाळ फाटलं.

"पुलाखाली थांबू या का?" एमेटने विचारलं.

"नको. भिजू दे तिला."

पाऊस ओसरल्यावर मी गाडी कडेला घेतली, उतरले आणि ओल्या गवतात आडवी झाले. खाली अंधार होता. काही विचारायच्या आत एमेट माझ्याशेजारी आडवा झाला आणि त्याने टॉर्च धरली. दाराखालच्या भोकांमधून पाणी थेंब थेंब बाहेर पडत होतं, एकामागून एक, आणि मी शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहिले. या वेळी दिवा धरायला दुसरं कुणीतरी होतं.

"थँक यू," मी म्हटलं.

"कुणाला?" एमेटने विचारलं.

"दोघांना."