फक्त रस्ता हवा

दादाने गाडी चालवणं एकाएकी का सोडलं, असं परवा तुम्ही विचारलंत, तेव्हा वहिनी समोर होती म्हणून मी विषय बदलला. आज ती बाहेर गेलीय, यायला वेळ आहे. बसा, दिवा लावते आणि सांगते.

दादा मालवाहतुकीच्या कंपनीत कामाला. कुठला ट्रक कुठल्या रस्त्याने सोडायचा, हे ठरवायचं त्याचं काम. कुठला घाट पावसात बंद पडतो, कुठल्या पुलावरून जड गाडी नेऊ देत नाहीत, सगळं तोंडपाठ. आमच्या गल्लीत कुणी पत्ता विचारत आलं की लोक सरळ आमच्या दाराकडे बोट दाखवायचे. दादा भरल्या ताटावरून उठायचा. "उठला मैलाचा दगड," असं वहिनी म्हणायची. रस्ता सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की विचारणाऱ्यालाच संकोच वाटावा. प्रत्येक वळणापाशी थांबून विचारायचा, "येतंय ना डोळ्यांपुढे?"

त्या वर्षी वहिनीचं मोठं ऑपरेशन झालं होतं. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे तिचे रिपोर्ट आधी माझ्या हाती यायचे आणि दादाला काय सांगायचं, किती सांगायचं, हे मला ठरवावं लागायचं. एकदा मध्येच ती म्हणाली, "बरी झाले तर मला लाल झालेलं जंगल बघायचंय. मग समुद्र. आणि मग एखादं मोठं शहर, भरपूर दिवे असलेलं. सगळं एका दमात." दादा म्हणाला, बघू या. ती बरी झाली, आणि उन्हाळाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला राहिला. आम्ही त्याच्या कडेकडेने ताटं मांडायचो. वहिनीने एकदा समुद्रावर आमटी सांडली, तर दादाने जेवण सोडून आधी किनारा पुसला.

बेत चांगला जमला होता. पानगळीच्या दिवसांत निघायचं. आधी वरच्या डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान, मग तळ्याकाठचं दुसरं, तिथून घाट उतरून किनारा, किनाऱ्याने बंदराचं गाव आणि शेवटी शहर. परतताना दुसऱ्या वाटेने घरी. मला शहरातली दुकानं हवी होती, तीही बसवली होती. दादाने कुणाचं मन मोडलं नव्हतं.

पहिले दिवस इतके छान गेले की त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पानं लाल, पिवळी, काही ठिकाणी तांब्यासारखी. वहिनी थोडं चालायची, बसायची, परत चालायची.

तळ्याकाठच्या उद्यानात आम्ही एका लाकडी घरात उतरलो. मालकीणबाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. धबधब्याला कुठून जायचं, असं दादाने विचारलं, तर त्यांनी काही उत्तर दिलं नाही. हात पुसले, पायांत बूट घातले आणि पुढे चालू लागल्या. धबधबा दिसेपर्यंत नेलं आणि तशाच परत फिरल्या. संध्याकाळी दुकान कुठे म्हणून मी विचारलं, तेव्हाही तेच. तोंडातून शब्द नाही, नुसत्या सोबत आल्या. "इथे रस्ता सांगत नाहीत, पोचवतात," असं म्हणून दादा हसला. पाहुणचाराची पद्धत असेल, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. दादा गाडीत सामान लावत होता. धुकं होतं, पण दिसत होतं सगळं. झाडांमधून एक माणूस आला. राखाडी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. रात्री पाऊस पडून गेला होता, आमच्या बुटांना चिखल लागला होता. त्याचे बूट कोरडे. हातात पिशवी नाही, जवळपास गाडी नाही. तो आला तसा एक वास आला... खूप दिवस पडलेला दगड उचलला की खालच्या मातीला येतो तसा.

"समुद्राकडे कुठून जायचं?" त्याने विचारलं. आवाज साधा होता. मऊच म्हणा.

दादाने लगेच नकाशा काढून बॉनेटवर पसरला. तळं डाव्या हाताला ठेवायचं, जळकं झाड लागलं की उजवीकडे, पुढे घाट, घाटात तिसऱ्या बोगद्यानंतर सावकाश... तो माणूस नकाशाकडे बघत नव्हता. तो दादाच्या तोंडाकडे बघत होता. खूप तहानलेल्या माणसाने दुसऱ्याच्या हातातल्या पेल्याकडे बघावं, तसा.

दादाचं सांगून झालं. मग त्या माणसाने सगळं परत म्हणून दाखवलं. शब्द न् शब्द. शेवटी म्हणाला, "येतंय ना डोळ्यांपुढे?" अगदी दादाच्या सुरात.

दादाला गंमत वाटली. आम्हीही तिकडेच चाललोय, बसा की गाडीत, असं तो म्हणाला. वहिनीने माझा दंड घट्ट धरला.

"नको," तो माणूस म्हणाला. "मला फक्त रस्ता हवा."

आणि तो झाडांत शिरला. समुद्राच्या दिशेनेच. मी मागे वळून बघितलं, तर मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला हात केला नाही. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

तळं संपल्यावर जळकं झाड आलं. तिथे रस्ता फुटत होता. दादाने गाडी थांबवली. मला वाटलं, फोटो काढायचा असेल. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"कुठे वळायचं रे?" वहिनीने विचारलं.

"हेच बघतोय," तो म्हणाला.

त्याने आम्हाला दोघींना झोपेतसुद्धा पाठ व्हावा इतक्या वेळा तो रस्ता सांगितला होता. मी म्हटलं, उजवीकडे. तो वळला. पुढच्या फाट्यावर पुन्हा थांबला. मग मी फोनवर नकाशा लावला आणि फोनमधली बाई सांगेल तसे आम्ही गेलो. वहिनीने थट्टा केली, की अखेर मैलाच्या दगडाला सवत आली. दादा हसला, पण घाटभर तो प्रत्येक वळणाकडे नवख्यासारखा बघत होता.

बंदराच्या गावात पोचलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. समुद्र बघून वहिनी रडली. आनंदाने. दादाला बाकावर बसवून आम्ही दोघी गरम काही प्यायला मिळतंय का बघायला गेलो. परत आलो, तेव्हा दादासमोरून राखाडी कोट उठून चालला होता. किनाऱ्यावर इतकी माणसं होती. सगळी समुद्राकडे तोंड करून. तो एकटा पाठ करून.

"तोच रे तो?" मी विचारलं.

"हो. बघ ना, आपल्याआधी पोचला," दादा म्हणाला. "शहराचा रस्ता विचारत होता."

"आणि तू सांगितलास?"

"म्हणजे काय, विचारल्यावर सांगायला नको?"

दादाच्या कोटाला तो वास लागला होता. समुद्राच्या वाऱ्यातही जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवायला घेतली. दादा शेजारी. मी सहज विचारावं तसं विचारलं, आपल्या डेपोपासून सिमेंटच्या कारखान्यापर्यंत ट्रक कसा नेतोस? त्याने सगळं सांगितलं, खड्ड्यांसकट. आपल्या शाळेचा रस्ता? मामांच्या घरचा? घडाघडा. मग मी विचारलं, तळ्यापासून समुद्रापर्यंत?

तो मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघू लागला.

"रस्ता आहे, एवढं माहीत आहे मला," तो म्हणाला. "कालच आलो ना त्यावरून. पण तो... माझ्याकडे नाहीये."

"आणि इथून शहरापर्यंत?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मागच्या सीटवर वहिनी ऐकत होती. दादाला आता एकट्याला सोडायचं नाही, हे आम्हा दोघींचं न बोलताच ठरलं.

शहरात दिवे होते. वहिनीने मागितले होते तेवढे आणि त्याहून जास्त. हॉटेलच्या खालच्या दालनात माणसांची ये-जा होती, बॅगांची चाकं वाजत होती. आम्ही किल्ली घेऊन लिफ्टकडे वळलो. लिफ्टजवळच्या खुर्चीत तो बसला होता. उठला. आम्हाला शोधत होता, असंही नाही. वाट बघणारा माणूस उठतो, तसा उठला.

दादाच्या एका बाजूला मी, एका बाजूला वहिनी.

"घरी कुठून जायचं?" त्याने विचारलं.

कुणाच्या घरी, ते म्हणाला नाही. दादाचं तोंड उघडलं. मी बघितलं, तो खुलला होता, नेहमीसारखा. वहिनीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. ऑपरेशननंतर तिला धड बादली उचलता येत नव्हती, पण तो हात दादाला हलवता आला नाही.

"आम्हाला माहीत नाही," ती म्हणाली.

तो माझ्याकडे वळला. घाई नाही, राग नाही.

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं.

लिफ्ट आली. दार मिटू लागलं तरी तो तिथेच उभा होता. मग दाराच्या फटीतून दिसला, तेव्हा तो दुसऱ्या कुणाकडे तरी वळत होता.

खोलीत गेल्यावर वहिनीने दादाला जवळ बसवून समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. कुणी काहीही विचारलं तर म्हणायचं, मला माहीत नाही. दुसऱ्याला विचारा. दादाने दोनदा म्हणून दाखवलं. खजील झाला होता बिचारा. शहर न बघताच आम्ही सकाळी निघालो.

घरी आल्यावर डॉक्टरांना दाखवलं. डोक्याचे फोटो काढले. रक्त मी स्वतः तपासलं. कुठे काही नाही. थकवा असेल, म्हणाले. दादा कामावर जाऊ लागला. ते दोन रस्ते सोडले तर सगळं जागच्या जागी होतं. गाडी मात्र नको म्हणाला. हळूहळू आम्ही दोघी सैल झालो. वहिनी परत शाळेत शिकवायला जाऊ लागली. मीही रात्री नीट झोपू लागले.

थंडीत एकदा शेजारच्या काकांनी कुंपणावरून हाक मारली. काका गप्पिष्ट, दिवसभर अंगणात. म्हणाले, तुमच्याकडे पाहुणे पोचले का? चौकात भेटले होते. राखाडी कोट. माणूस मोठा सभ्य. अगदी दारापर्यंतचा रस्ता नीट समजावून दिला मी त्यांना.

कुणी आलं नव्हतं. तसं मी सांगितलं. काका म्हणाले, मग चुकले असतील.

त्याच आठवड्यात लॅबमधून येताना मला काका चौकात दिसले. हातात भाजीची पिशवी घेऊन उभे होते, एकदा या गल्लीकडे बघत, एकदा त्या. त्या चौकातून त्यांनी सारा जन्म ये-जा केलेली. मला बघून हसले, मग त्यांचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, "अगं, आपली गल्ली... कुठली गं?"

मी सांगितली नाही. त्यांचा हात धरला आणि दारापर्यंत सोडून आले. तेव्हा मला त्या मालकीणबाई आठवल्या. वहिनीला सांगितलं. तिने दाराला आतून आणखी एक कडी लावून घेतली. लावून झाल्यावर तिथेच उभी राहिली. आपण ती कडी लावून कुणाला बाहेर ठेवलंय की आत, असं तिच्या मनात आलं असावं. माझ्या तरी आलं.

पण तसे दिवस गेले. कुणी आलं नाही, कुणी दार वाजवलं नाही.

मग त्या रविवारी, दुपार कलताना, वहिनी मैत्रिणीकडे गेली होती. मी माझ्या खोलीत इस्त्री करत होते, दाराकडे तोंड करून. दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग यायचा थांबला. थोड्या वेळाने तो रिकामा पेला हातात घेऊन माझ्या दारात आला. पाणी प्यायला उठला होता.

"स्वयंपाकघर कुठल्या बाजूला गं?" त्याने विचारलं.

इस्त्री माझ्या हातातच राहिली. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर समोरच दिसतं.

"दादा..." मी म्हटलं. "तुला कुणी विचारलं का?"

"हो. आत्ताच."

"आणि तू सांगितलंस?"

"चुकून सांगून गेलो," तो म्हणाला. मग त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि चेहरा उजळला, शाबासकी मिळेल असा. "पण नंतर तुझ्या खोलीचं विचारलं ना, तेव्हा नाही सांगितलं. तुझ्या वहिनीने शिकवलंय तसंच म्हटलं... मला माहीत नाही. तिलाच विचारा."

दादा हे बोलत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत, पेला हातात घेऊन, तो दारातच थांबला होता. दुसरं कुणी बोलणार असेल, तर आपण मध्ये नको म्हणून अदबीने थांबावं, तसा.