राहू द्या

मृतांच्या यादीचं प्रूफ जेवणाच्या सुट्टीआधी टेबलावर आलं आणि खोडबाईंनी चष्मा पुसला. छापखान्यात त्यांना सगळे खोडबाईच म्हणत, तेही तोंडावर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका खोडणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? चर्चचं हे काम त्या हौसेनं करत. लोक आपापल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून चर्चच्या पेटीत टाकत. त्यांची छापील यादी नोव्हेंबरभर वेदीवर राही आणि रोजच्या उपासनेत, म्हणजे मिस्सेत, त्या आत्म्यांसाठी प्रार्थना होई. एक पान, ऐंशी ओळी, ओळीला एक नाव.

त्रेपन्नाव्या ओळीवर लाल पेन थांबलं. तिथं ताईचं नाव होतं. नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं बरोबर. वेलांटीचीसुद्धा चूक नाही.

ताई म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण. नवरा गेल्यापासून खोडबाईंकडेच राहायची. सकाळी तिनंच डबा भरून दिला होता, वर भाजी परत आणलीस तर बघ, असा दमही दिला होता.

खोडबाईंचं डोकं सणकलं. चालत्याबोलत्या माणसाला मेलेल्यांत बसवायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? फोन करून त्यांनी चर्चच्या क्लार्कला फैलावर घेतलं. बिचाऱ्यानं पेटीतल्या चिठ्ठ्या दोनदा चाळल्या. तसली चिठ्ठीच नव्हती. कॉम्प्युटरवरचा ऑपरेटर म्हणाला, हे नाव मी टाइपच केलेलं नाही. मग काय आभाळातून पडलं? बाईंनी नावावर रेघ ओढली, समासात ‘काढा’ लिहिलं आणि प्रूफ त्याच्या पुढ्यात आपटलं.

संध्याकाळी घरी आल्या तर ताई अंथरुणात. जेवायच्या वेळेला पायातलं बळच गेलं म्हणाली. डॉक्टरांना तपासून काही सापडलं नाही.

दुसऱ्या प्रूफातही नाव जागच्या जागी. बाईंनी अशी रेघ ओढली की कागद फाटला. त्या दिवशी ताईचा आवाज खोल गेला, हात गार पडले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नाव पुन्हा खोडलं, प्रूफ तिथंच ठेवलं आणि बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आल्या तेव्हा लाल रेघेखाली, अक्षराअक्षराखाली, टिंबं दिलेली होती. समासात लिहिलं होतं, ‘राहू द्या’.

ही त्यांच्याच धंद्यातली खूण. एखादा शब्द चुकून खोडला, की खाली टिंबं द्यायची आणि समासात ‘राहू द्या’ लिहायचं. मग खोडलेला शब्द पुन्हा जिवंत होतो. पण ही टिंबं हिरव्या शाईची होती. इथं हिरवी शाई एकच माणूस वापरायचा, प्रूफखात्याचे हेडसाहेब. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना आठवलं.

याच हेडसाहेबांनी एकदा त्यांची एक सुटलेली चूक सगळ्या छापखान्यासमोर उभं करून पाच वेळा मोठ्यानं वाचायला लावली होती. ते शल्य काही गेलं नव्हतं. साहेबांच्या मागे कोणी नाही म्हणून गेल्या वर्षी ताईनंच त्यांच्या नावाची चिठ्ठी टाकली. ज्यांच्यासाठी देवाकडे मागणारं कोणी नाही त्यांच्यासाठी तरी मागावं, असं तिचं म्हणणं. नेमकी यादी एका ओळीनं पानाबाहेर जात होती. एक नाव काढायचं होतं, आणि बाईंनी ते काढलं. त्रेपन्नावी ओळ. साहेबांचं नाव घेतलं ना, असं ताईनं विचारलं, तेव्हा ‘घेतलं की’ म्हणून मोकळ्या झाल्या.

आता मात्र बाई तडकल्या. उठून रिकाम्या खोलीला म्हणाल्या, “लाज नाही वाटत, साहेब? जी तुमच्यासाठी गुडघे टेकते, तिलाच धरता? खोडलं मी. घ्यायचं तर माझं नाव घ्या.”

पंखा फिरत होता.

बाईंनी ताईचं नाव पुन्हा खोडलं. त्याच ओळीत साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर सुवाच्य आलं.

शेवटच्या प्रूफात ताई नव्हती.

चार वाजता घरून फोन आला. ताई विचारत होती, येताना दूध आणशील का, चहा टाकायचाय.

रविवारी मिस्सेला दोघी मिळून गेल्या. यंदा छापील यादीच्या प्रती दारातही ठेवल्या होत्या. ताईनं एक उचलली, बोट फिरवत त्रेपन्नाव्या ओळीवर आणलं.

“यंदाही घेतलंस गं साहेबांना. बरं केलंस.”

“हो,” बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःसाठी एक प्रत घेतली. सवयीनं ओळी मोजत खाली आल्या.

ऐंशीच्या खाली आणखी एक ओळ होती.

बाईंचंच नाव. छापलेलं, आणि वर हिरवी रेघ ओढून खोडलेलं.

त्यांनी घाईनं ताईची प्रत बघितली. तिच्यात ऐंशीच होत्या.

श्वास सोडून बाईंनी आपली प्रत पुन्हा डोळ्यांजवळ धरली. नाव खोडलेलं होतं, नीट खोडलेलं होतं. पण पहिल्या अक्षराखाली एक टिंब होतं.

त्यांनी बोट लावलं. शाई ओली होती.