बूट बिचारा निर्दोष

ती दुकानात शिरली तीच लंगडत आणि चिडलेली. शाळेत खेळ शिकवणारी बाई ती; दिवसभर पोरांमागे धावायचं, आणि नवेकोरे बूट टाचेला चावतात म्हणजे काय!

"मागची बाजू मऊ करून द्या," एक पाय पुढे करत तिने फर्मावलं.

बूट शिवणारा तरुण हातातली सुई ठेवून उठला. गुडघ्यावर बसून त्याने तिची टाच तळहातावर घेतली... आणि टाचेवरच्या जाड शिरेवरून त्याचा अंगठा सावकाश फिरला. एकदा. मग पुन्हा एकदा. तिला उगाचच गरम व्हायला लागलं.

"माप घेताय की मालिश करताय?"

"इथे गाठी आहेत," तो हसला नाही. "दोन्ही पायांना. चांगल्या टणक."

"आमच्या घराण्याच्या टाचाच तशा. आईच्याही होत्या."

"होत्या म्हणजे...?"

"बेचाळिसाव्या वर्षी गेली. जिना चढता चढता... हार्ट अटॅक."

त्याने बूट उचलून तिच्या हातात ठेवला. "हा मी मऊ करणार नाही. आधी रक्त तपासा. कोलेस्टेरॉल."

ती खळखळून हसली. "माझं? अहो, मी रोज पाच किलोमीटर धावते! ते पोट सुटलेल्या काकांना होतं."

"माझं एक गिऱ्हाईक होतं. काटकुळं. टाचा अशाच. दोनदा मी त्यांचे बूट मऊ करून दिले... तिसऱ्यांदा त्यांची बायको आली, एकटीच. डॉक्टर तिला म्हणाले, काहींच्या रक्तात ते जन्मापासूनच जास्त असतं. बहुतेकदा बाहेरून काही दिसत नाही. एखाद्याच्या शिरेवर अशी गाठ येते, एखाद्याच्या पापणीजवळ पिवळट चट्टा... मला दिसलं होतं हो. कळलं नव्हतं."

"दुकान काय एवढं एकच आहे?" म्हणत ती नाक उडवून निघून गेली.

पण शाळेचा रस्ता तोच. रोज सकाळी तो दारात उभा. "झाली तपासणी?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काळजी."

पाच दिवस हाच संवाद. सहाव्या दिवशी, निव्वळ त्याचं तोंड बंद करायला, ती उपाशीपोटी रक्त देऊन आली. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, ठीक होती... आणि कोलेस्टेरॉल असायला हवं त्याच्या दुपटीच्या वर. डॉक्टरांनी तिच्या टाचा पाहिल्या, आईचं, भावंडांचं विचारलं आणि म्हणाले, "वेळेत आलात. आता गोळी मात्र रोज घ्यायची, आणि भावाचंही रक्त तपासायचं." दादाने बरेच आढेवेढे घेतले, तिने त्याला अक्षरशः ओढत नेलं. त्याचंही तेच निघालं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तिने दोन्ही रिपोर्ट त्या तरुणाच्या पुढ्यात टाकले. भांडायचंच ठरवून आली होती, पण आधी आईच आठवली.

"आईच्या टाचा आम्ही सगळ्यांनी पाहिल्या होत्या. चेष्टाही करायचो... तुमच्यासारखं कुणी हटून बसलं असतं तर ती आज असती."

त्याने तिच्यापुढे स्टूल सरकवलं आणि पाण्याचा पेला आणून दिला. ते तिला फार आवडलं. तिने डोळे पुसले, पाठ ताठ केली.

"आणि हे पाहा, मला लपवाछपवी जमत नाही. गोळी जन्मभराची आहे. मुलांनाही हे येऊ शकतं — निम्मी शक्यता. त्यांचंही रक्त लहानपणीच तपासावं लागेल. कुणाला हे चालणार नसेल, तर त्याने आत्ताच सांगावं!"

"मुलं?" तो कानापर्यंत लाल झाला. "मी तर अजून... चहाला येता का, एवढंच कसं विचारावं, याच विचारात होतो."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण क्षणभरच. मग तिने मान वर करून थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग विचारा ना," ती म्हणाली. "उशीर करायची सवय आमच्या घराण्यात होती... मी मोडलीय."